ढकलत नेलेली बुलेट

“सांगा ना बाबा, कसा वाटला आवाज?”

पिराच्या टेकडीवर येऊन ऋतुराजनं बुलेट बंद केली, तरी उडालेले कावळे चिंचेवर परतायला तयार नव्हते. आता तोफ उडवून कुणी विचारतं का, आवाज कसा वाटला म्हणून!

टेकडीवरच्या म्हाताऱ्या फकिरानं, लालशाबाबांनी, कानातली बोटं काढली.

“काय केलंस हिला?”

“कंपनीचा सायलेन्सर कापला, आतली जाळी काढून टाकली, नुसती पोकळ पुंगळी बसवली.” ऋतुराजची छाती फुगली. “आख्ख्या तालुक्यात असा आवाज कुणाला जमत नाही. पोरं लांबून येतात माझ्या गॅरेजवर.”

“मग तोंड का उतरलंय?”

ऋतुराज टाकीवरची धूळ बोटानं पुसत राहिला.

“आमचे तात्या... माझे वडील,” तो शेवटी म्हणाला. “कॉलेज सोडून गॅरेज टाकलं, तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. रोज संध्याकाळी दारात गाडी उभी करतो आणि रेस करत राहतो. म्हटलं, एकदा तरी बाहेर येतील, निदान शिव्या घालतील. ते आतून कडी लावून घेतात. मग मी पुंगळी अजून थोडी मोकळी करतो.”

बिचारा! बापाच्या शिव्यांसाठीसुद्धा आसुसला होता.

“अजून किती मोकळी करू, बाबा?”

बाबांनी हात पुढे केला.

“किल्ली दे.”

त्यानं दिली. बाबांनी ती झोळीत टाकली.

“अन् आता घरी कसा जाऊ?”

“ढकलत.”

“एवढी जड गाडी? गावातनं ढकलत नेली तर लोक हसतील बाबा. माझं स्वतःचं गॅरेज आहे!”

बाबांनी डोळे मिटून घेतले...

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुराज पायीच टेकडी चढून आला. रडून रडून डोळे सुजले होते.

“काल गाडी ढकलत नेताना मला उशीर झाला. ओढ्याच्या पुलाशी पोचलो, तर तात्या तिथं उभे. पायात चप्पल नाही, अंगात नुसती बंडी. मला बघितलं आणि पळतच आले. ‘काय झालं रं? आज गाडीचा आवाज नाही आला! पडलास का? लागलं का कुठं?’ भर रस्त्यात माझे हात, गुडघे चाचपून बघत होते, बाबा. लोक हसत होते. हसू देत! मग पुलापासून घरापर्यंत गाडी मागनं तात्यांनीच ढकलली.”

बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी किल्ली काढून त्याला दिली.

ऋतुराजनं डोळे पुसले.

“बाबा, ती पुंगळी आता काढून टाकू का?”

“मला काय विचारतोस? घरी जा... तात्यांना विचार.”