सरड्याची मान

बाळांनो, विश्वास कोणावर ठेवाल? दारात येऊन गोड बोलणाऱ्यावर, की तोंडावर ‘नाही’ म्हणणाऱ्यावर? दुकानात बसून मी दोन्ही तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली आहेत, म्हणून विचारतो.

एका खडकाळ जंगलात एक सरडा राहत असे. कोणी काही बोललं की मान वरखाली करायची, ही त्याची जन्माची खोड. एकदा वाघाचं पिण्याचं पाणी कोणीतरी गढूळ केलं. लगेच कोतवाल लांडगा सरड्याच्या दगडापाशी हजर! “काय सरडेराव, बरं आहे ना? ससा काल पाणवठ्यावर उड्या मारत होता, म्हणे?” सरड्याने काहीच पाहिलं नव्हतं, पण मान डोलली. “वा! उद्या वाघोबांपुढे एवढंच सांगा,” म्हणत लांडगा गेलासुद्धा. दुसरा साक्षीदार नव्हता. ही साक्ष पटली, की सशाला जंगल सोडावं लागणार होतं.

सरड्याला चैन पडेना. दगडावरून झुडपात, झुडपातून दगडावर. नाकासमोरून किडा गेला तरी जीभ बाहेर येईना. शेवटी तो कासवाकडे धावला. “दादा, कोतवालाला नाही कसं म्हणू?”

कासव म्हणालं, “सकाळी माझ्याकडेही आला होता. मी विचारलं, ‘हुकूम आहे की विनंती?’ म्हणाला, ‘विनंतीच समजा.’ मग म्हटलं, ‘तर माफ करा, मला बोलायचं नाही.’ आणि घेतली मान आत.”

“तुला कवच आहे रे! माझी मान बाहेरच डोलते.”

“मग बिळात ठेव की!”

दुसऱ्या दिवशी लांडगा आला, तर बिळाबाहेर नुसती शेपटी. “चला सरडेराव, वाघोबा खोळंबलेत.”

आतून आवाज आला, “हुकूम आहे की विनंती?”

लांडगा चपापला. “हुकूम वाघोबा देतात. ही आपली विनंती.”

“मग नाही येत. मी काही पाहिलेलं नाही. काल मान डोलली ती सवयीने.”

“गप्प राहतो तो चोर असतो, बरं का!”

“वाघोबांचा हुकूम आणा, मग येईन आणि हेच सांगेन. तोवर शेपटीला विचारा.”

शेपटी काही डोलली नाही. लांडगा एकटाच परतला. साक्षीदार नाही म्हटल्यावर वाघाने सशाला सोडून दिलं. सरडा हळूच बिळाबाहेर आला. इतक्यात ससाच उड्या मारत आला. “काका, ऊन छान पडलंय, नाही?” सरड्याची मान डोलली. या वेळी अगदी मनापासून.

तात्पर्य : विचारणारा कितीही मोठा असो, विनंतीला नम्रपणे नकार देता येतो, गप्प राहणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. आता माझीही एक विनंती, हुकूम नव्हे हं : पाहिलेलं एका खात्यावर लिहा, ऐकलेलं दुसऱ्यावर, आणि हा हिशेब खरा ठेवा.