ओळखायला शिकलेली माशी

माणूस नुकताच गूळ करायला शिकला होता, त्या काळातली ही गोष्ट. एका गुऱ्हाळात एक माशी राहायची. तिचा मेंदू खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्यात एक गोष्ट मात्र पक्की बसलेली: डोळ्यांपुढे काहीही झपाट्याने मोठं होऊ लागलं की उडायचं. ते काय आहे, याची चौकशी करत बसायचं नाही.

शेजारच्या पोळ्यातल्या मधमाशीला याचं फार हसू यायचं. "अगं, उसाचं चिपाड पडलं तरी उडतेस, गुळव्याने हात झटकला तरी उडतेस! मी लांबून फूल ओळखते. तुला एवढे मोठे डोळे दिलेत ते कशाला?"

माशीला ते फार लागलं. "उद्यापासून आधी नीट ओळखेन, मगच उडेन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पडणारं चिपाड ओळखलं आणि जागची हलली नाही. मग गुळव्याचा हातही ओळखला.

"आता कशी शहाण्यासारखी वागलीस!" मधमाशी म्हणाली. माशी फुशारून गेली.

तिसऱ्या दिवशी ती ढेपेवर बसली असताना भिंतीवरून काहीतरी मोठं मोठं होत आलं. तिचे पंख आपसूक उचलले गेले, पण तिने ते दाबून धरले. चिपाड? छे, याला तर पाय आहेत. गुळव्याचा हात? हाताला शेपूट नसते.

पाल! माशीने अगदी अचूक ओळखलं.

तोवर ती पालीच्या तोंडात होती.