आडाच्या कठड्यावर

“मग मी वर्गात करायचं तरी काय, गुरुजी?”

खोचरे मास्तर अंगणातल्या आडाच्या कठड्यावर टेकले होते. समोर अंतू गुरुजी पावट्याच्या शेंगा सोलत होते. पस्तीस वर्षांपूर्वी याच अंगणात त्यांनी तेव्हा शाळकरी पोर असलेल्या मास्तरांकडून पाढे घोटून घेतले होते, पावकी-निमकीसकट. तेव्हापासून मास्तर आकड्यांचे पहिलवान. आणि पहिलवानाला असतो तेवढा ताठाही अंगात होताच.

शाळेनं ठरवलं होतं की यंदा नववीच्या गणिताच्या पेपराला मुलांनी कॅल्क्युलेटर आणायचा. पेपर मास्तरांनीच काढायचा. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी ‘गणित शिकवणं सोडतो’ असा अर्ज लिहून, तो खिशात घालूनच ते आले होते.

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” मास्तर म्हणाले. “पोरांच्या डोक्यात काही नको. सगळं त्या डबीत.”

गुरुजींच्या आणखी दोन शेंगा सोलून झाल्या…

मग त्यांनी सहज विचारलं, की या अंगणात शहाबादी फरशी घालायची आहे. अंगण सव्वीस फूट बाय अठरा, फरशी दोन बाय दोन. किती आणू?

“एकशे सतरा.” मास्तर श्वास घ्यायलाही थांबले नाहीत.

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून चक्क कॅल्क्युलेटर काढला. मास्तर बघतच राहिले. गुरुजींनी सावकाश बटणं दाबली आणि आकडा त्यांच्यापुढे धरला. एकशे सतरा.

“बघा,” मास्तर म्हणाले. “मी आधी सांगितलं.”

“चुकलं. दोघांचंही.”

मास्तरांनी मनात पुन्हा गुणलं, पुन्हा भागलं. एकशे सतराच…

“दिगंबर, तू बसलायस कशावर?”

मास्तरांनी खाली पाहिलं. एवढा मोठा आड, त्यावर काय फरशी घालणार होते, कपाळ! त्यांचे कान तापले. यंत्राला डोळे नाहीत, ठीक आहे. त्यांना तर होते.

मग त्यांना हसू फुटलं. आधी जरासं, मग पोट धरून. पेपरात अंगण काढायचं, मधे आड काढायचा, आणि खुशाल आणा म्हणावं कॅल्क्युलेटर! आणि आड बघायला शिकवणारा माणूस तर शाळेला लागणारच होता. छातीवरचा धोंडा उतरला तसे ते मोकळे झाले. अर्जाचे चार तुकडे करून त्यांनी ते शेंगांच्या सालींत टाकले.

“पण मग फरश्या नक्की किती लागतील, गुरुजी?”

गुरुजींनी मोजायचा टेप त्यांच्या हातात दिला.

“आड गोल आहे. ती डबी घे बरोबर.”