टुंबी बेडकी आणि अर्धपोटी मधलीकाकू

एक होती बेडकी. तिचं नाव टुंबी. एक होता तिचा नवरा, ढेरपोट्या डरांव. आणि होती त्यांची पिल्लं. नुसतं डोकं नि शेपटी, पायांचा पत्ता नाही. सगळी राहायची हौसाबाईंच्या रोपवाटिकेत, फवाऱ्याखालच्या डबक्यात.

आधी हौसाबाई हातानं बटण दाबायच्या. फवारा उडायचा. डबकं भरायचं. मग आले त्यांचे जावई. त्यांनी बसवलं आपोआप चालणारं यंत्र. माती सुकली, की यंत्रानं पाणी सोडायचं. माती सुकली. पाणी काही येईना.

डबकं आटलं. पिल्लं चिखलात वळवळू लागली. डरांव म्हणाला, होईल काहीतरी. आणि डोळे मिटून बसला.

टुंबी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली फवाऱ्याकडे.

"फवारेदादा, फवारेदादा, उडा ना.
डबकं भरेना,
पिल्लं पोहेनात."

फवारा म्हणाला, "माझं पोट रिकामं. पंपूमामा फिरेल, तर मी उडेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली पंपाकडे.

"पंपूमामा, पंपूमामा, फिरा ना.
फवारा उडेना,
डबकं भरेना,
पिल्लं पोहेनात."

पंप म्हणाला, "मी लठ्ठ. आपला आपण हलत नाही. खटकेभाऊ टक करेल, तर मी फिरेन."

खटकेभाऊ राहायचा भिंतीवरच्या उघड्या डबीत. टुणुक, धप्प. पडली. पुन्हा टुणुक. चढली.

"खटकेभाऊ, खटकेभाऊ, टक करा ना.
पंप फिरेना,
फवारा उडेना,
डबकं भरेना,
पिल्लं पोहेनात."

खटका म्हणाला, "यंत्राचं डोकं म्हणजे चिपूताई. ती सांगते, तेव्हा मी टक करतो. पण ती बोलते तीन व्होल्ट नि वर चिमूटभर. मला लागतात पाच. मधलीकाकू बोलतील, तर मी टक करेन."

मधलीकाकू म्हणजे यंत्रातली बोटभर पाटी. बसायची दोघांच्या मध्ये. चिपूचं हळू बोलणं खटक्याकडे मोठ्यानं सांगायची. इकडचं मोठं बोलणं तिकडे हळू सांगायची. नाहीतर चिपूचे कान करपायचे.

टुणुक.

"मधलीकाकू, मधलीकाकू, बोला ना.
खटका वाजेना,
पंप फिरेना,
फवारा उडेना,
डबकं भरेना,
पिल्लं पोहेनात."

मधलीकाकूंनी तोंड फुगवलं. "मी दोन्ही घरची जेवते. खटक्याकडून पाच आले, ते खाल्ले. चिपूकडून तीन-चिमूटभर यायचे, ते आलेच नाहीत. अर्ध्या पोटी कोण बोलणार? चिपू जेवण धाडेल, तर मी बोलेन."

टुणुक. चिपूताई नखाएवढी. पाय मात्र गोमेसारखे.

"चिपूताई, चिपूताई, जेवण धाडा ना.
काकू बोलेनात,
खटका वाजेना,
पंप फिरेना,
फवारा उडेना,
डबकं भरेना,
पिल्लं पोहेनात."

चिपू म्हणाली, "जेवण कधीचं तयार आहे. न्यायची वायर लोंबतेय. जावईबापू वायर लावतील, तर मी जेवण धाडेन."

जावईबापू कुठे? खाटेवर. श्रीखंड-पुरी हाणून आडवे. घुर्रर्र, फुस्स. घुर्रर्र, फुस्स. हौसाबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, पाणी येत नाही म्हणून. तर हे म्हणाले, यंत्र बरोबर आहे, मातीच चुकतेय. आणि कुशीवर वळले.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टुंबी चढली त्यांच्या पोटावर.

"जावईबापू, जावईबापू, वायर लावा ना.
जेवण जाईना,
काकू बोलेनात,
खटका वाजेना,
पंप फिरेना,
फवारा उडेना,
डबकं भरेना,
पिल्लं पोहेनात."

घुर्रर्र, फुस्स.

टुंबीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आणि बेंबीत केली शू.

जावईबापू ताडकन उठले. चप्पल घेतली. टुंबी पुढे, टुणुक टुणुक. जावई मागे, थपथप थपथप. टुंबीनं मारली डबीत उडी. लोंबती वायर धरली नि झोका घेतला. चप्पल वर गेली. वरच राहिली. जावयांना दिसली वायर.

मागे हौसाबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "लावता का आता? की वायरीलाही पाट मांडू?"

जावयांनी गुपचूप वायर लावली.

वायर लागली, जेवण गेलं.
जेवण गेलं, काकू बोलल्या.
काकू बोलल्या, खटका वाजला. टक.
खटका वाजला, पंप फिरला. घूंऽऽ.
पंप फिरला, फवारा उडाला. फुर्रर्र.
फवारा उडाला, डबकं भरलं.
डबकं भरलं, पिल्लं पोहली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

हौसाबाईंनी डबक्याभोवती दगड लावले. जावयांना सांगितलं, हे डबकं टुंबीचं, इथे पाय ठेवायचा नाही. मग पिल्लांना फुटले मागचे पाय. मग फुटले पुढचे पाय. शेपट्या गेल्या. डास आले लठ्ठ लठ्ठ. आणि टुंबीचं सगळं घर पोटभर जेवलं.