काजळीचे कान

एका राज्यात, चैत्र महिन्यात, सूर्य मावळतीला टेकला असताना, किल्लेदार हैबतराव यांच्या ओसरीवर, त्यांच्या मांडीत बसलेली कुत्री सोन्याची झाली. त्या वेळी नौबत वाजत होती. जवळ सुभान्या नावाचा एक पहारेकरी होता. त्याने पाहिले आणि तो भाल्याला टेकून तसाच उभा राहिला, कारण असे होताना त्याने आधीही पाहिले होते.

कुत्रीचे नाव काजळी. अंगाने काळी, छातीवर चिमूटभर पांढरी, वयाने म्हातारी. हैबतरावांचा हात तिच्या पाठीवर होता. हाताखालची ऊब आधी कोमट झाली, मग गार झाली, मग कठीण झाली. शेपटीचे टोक सर्वांत शेवटी थांबले. नौबत संपली तेव्हा मांडीवर सोन्याचा एक जड गोळा उरला होता आणि त्याला कान होते, मागे चपटे पडलेले.

"सुभान्या, हे काय झालं?"

"सोनं झालं, सरकार."

"ते दिसतंय. का झालं?"

"ते वर विचारायचं असतं," सुभान्या म्हणाला. "खाली आम्ही फक्त उचलून नेताना बघतो."

होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी नगारखान्यातून नौबत वाजली होती. नौबत वाजली म्हणजे शत्रू आला, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेशी बंद झाल्या. बाजार निम्मा उठला. तेव्हापासून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी नौबत वाजे आणि शत्रू कोणालाच दिसत नसे. लोकांची डोकी चालेनात. माणसे किल्ली एकीकडे ठेवीत आणि दुसरीकडे शोधीत. हलवाई पेढ्यांत मीठ घाली आणि गिऱ्हाईक ते मुकाट खाई. नवरा-बायको बोलायला बसली की शत्रूचा विषय निघे, म्हणून ती बोलेनाशी झाली. मग ज्याच्या घरी जे होते ते त्याने जवळ ओढले. कोणी मांजर घेतले, कोणी शेळी, कोणी बैलाच्या गळ्यात हात टाकून गोठ्यातच बसले. जनावराच्या अंगावर हात ठेवला की हाताची थरथर थांबे. ती थांबून कुठे जाई, हे कोणी विचारले नाही.

हैबतरावांनीही विचारले नव्हते. साठीला आलेला माणूस, अंगावर तीन लढायांचे वण, आणि पहिल्या नौबतीपासून उजवा हात थरथरत होता. किल्लेदाराचा हात थरथरलेला लोकांना दिसून चालत नाही. सुदैवाने नौबत वाजली की काजळी धावत येई आणि त्यांच्या मांडीत शिरे. ते तिच्या पाठीवर हात ठेवीत आणि हात स्थिर होई. त्यांना वाटे, बिचारी आपल्याला धीर द्यायला येते.

दिवे लागायच्या आत खजिनदार विसाजीपंतांची माणसे छकडा घेऊन आली. छकड्यावर चादर होती. चादरीखाली काय काय होते ते शिंगांवरून आणि चोचींवरून ओळखू येत होते.

"राज्यात निपजलेलं सोनं राज्याचं," त्यांतला एक म्हणाला.

"ती निपजलेली नाही. पाळलेली आहे."

"आता सोनं आहे. उद्या सूर्य डोक्यावर आला की भट्टीत जाईल. आठवण म्हणून काही हवं असेल तर आत्ताच सांगून ठेवा. अंगठीपुरतं देतात."

हैबतरावांनी म्यानावर हात नेला. हात इतका थरथरत होता की मूठ सापडली नाही. काजळी गेली.

हैबतराव तडक सदरेवर गेले. सदरेच्या पायरीवर फुले विकणारी बयजाबाई बसली होती. तिची परडी रिकामी होती.

"या किल्लेदार," ती म्हणाली. "तुमचंही नेलं वाटतं. त्याशिवाय तुम्ही इकडे फिरकायचे नाही."

"तुझं काय नेलं?"

"पवळी. मांजर माझी. अगदी पहिल्या छकड्यात गेली. ती तिथे आहे बघा, विसाजीपंतांच्या उजव्या अंगाला."

विसाजीपंतांच्या उजव्या अंगाला सोन्याची पिकदाणी होती. पंतांनी त्याच क्षणी तीत पिंक टाकली. हैबतरावांनी मान दुसरीकडे वळवली.

गादीवर राजा पद्मनाभ बसला होता. त्याच्या मांडीवर पोपटाचा पिंजरा होता आणि पिंजरा रिकामा होता.

"हैबतराव, बरं झालं आलात," राजा म्हणाला. "शत्रू कुठे आहे?"

"तेच विचारायला आलो, महाराज. मी पूर्वेच्या वेशीवर असतो. तिथे शत्रू नाही. तो पश्चिमेला आहे असं ऐकलं."

"पश्चिमेच्या वेशीवरून कळलं की पूर्वेला आहे."

विसाजीपंतांनी तोंडातले पान एका गालात सारले.

"म्हणजे दोन्हीकडे आहे," ते म्हणाले.

राजाने मान डोलावली, पण त्याचे डोळे पिंजऱ्यात कोणाला तरी शोधत होते. हैबतरावांनी जनावरांचा विषय काढला. राजाने सांगितले ते असे. त्याच्या खापरपणज्याने एका मांत्रिकाला म्हटले होते, माझा खजिना भरून दे. मांत्रिक म्हणाला, भरेल, पण तुझ्या प्रजेच्या भीतीने भरेल. जो मुका जीव माणसाची भीती पोटात घेईल, तो सोने होईल. खापरपणज्याची प्रजा सुखात होती. कोण भिणार, असे वाटून त्याने होकार दिला.

"आणि शापावर उतारा?"

"मांत्रिक सांगणार होता म्हणतात," राजा म्हणाला. "पण खजिना कोणत्या खोलीत ठेवायचा याची चर्चा सुरू झाली. मग तो निघून गेला."

"महाराज, माझी कुत्री उद्या वितळवणार आहेत."

"माझा पोपटही," राजा म्हणाला. "नियम सर्वांना सारखा, असं पंत म्हणतात."

"मग आपण नियम मोडा."

राजाने विसाजीपंतांकडे पाहिले, पंतांनी छताकडे पाहिले, आणि सदर बरखास्त झाली.

सकाळी सूर्य वर आला. नौबत वाजली. हैबतराव पूर्वेच्या वेशीच्या तटावर बसले होते आणि त्यांचा हात मांडीवर मासळीसारखा उडत होता. तेवढ्यात एक टिटवी बाहेरच्या माळावरून उडाली आणि त्यांच्यासमोर तटावर येऊन बसली.

"किल्लेदारा," टिटवी म्हणाली, "ही नौबत बंद कर."

"माझ्या हातात नाही. तुला तिचा काय त्रास?"

"ती वाजली की मी दचकून उठते. मी उठले की अंडी थंड पडतात. तुझं काय हरवलं?"

"कुत्री."

"मग तीन कामं कर. पहिलं, वेस उघड. दुसरं, माझी अंडी पाहून ये. तिसरं, तिने तुझ्यासाठी जे केलं ते तिच्यासाठी कर."

"पहिली दोन समजली. तिसरं नाही समजलं."

"पहिली दोन तर कर," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

हैबतराव खाली उतरले. वेशीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. होळीपासून त्या वापरायचे त्यांच्या मनात आले नव्हते. सुभान्या आडवा आला.

"सरकार, नौबत चालू असताना वेस उघडत नाहीत."

"नौबत कधी बंद असते?"

सुभान्याने विचार केला. "शत्रू आत शिरला तर?"

"तर कोणत्या वेशीला आहे ते तरी कळेल. धर हा अडसर."

दोघांनी अडसर काढला. वेस करकरत उघडली आणि हैबतराव एकटे बाहेर पडले. पाठीशी कोणी नाही, पायाशी काजळी नाही. प्रत्येक झुडपाशी त्यांना भाल्याचे टोक दिसे, आणि जवळ गेल्यावर ती काटकी निघे.

माळ मोकळा होता. जिथे दहा हजारांची छावणी पडली आहे असे गावभर बोलले जात होते, तिथे गेल्या सालचे वाळके गवत उभे होते. एकही काडी मोडलेली नव्हती. चुलीची राख नव्हती, घोड्याची लीद नव्हती. माळाच्या मधोमध, उघड्या मुरमात, चार खड्यांच्या आडोशाला टिटवीची अंडी होती. मातीच्या रंगाची, काळे ठिपके असलेली. इतकी उघड्यावर की एखादे वासरू वाट चुकून आले असते तरी ती फुटली असती. ती धड होती.

हैबतराव मटकन खाली बसले. शत्रू नाही हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती गेली नाही. उलट आता तिला टेकायला जागा राहिली नाही. ती नुसतीच अंगभर हिंडू लागली. शत्रू आला नाही, मग आपण कोणाला घाबरलो? काजळीने कोणाची भीती पोटात घेतली? आणि तिने माझ्यासाठी केले तरी काय? ती तर नुसती येऊन बसे. त्यांना काही उमगेना. सूर्य चढत होता. ते उठले आणि पळत सुटले, आणि त्या वयात जेवढे पळता येते तेवढे पळाले.

भट्टी खजिन्याच्या मागच्या आवारात होती. आवारात सोन्याची जनावरे ओळीने मांडून ठेवली होती. बोकड, ससे, कोंबड्या, एक वासरू, राजाचा पोपट. कुंपणाशी लोक उभे होते, प्रत्येकाची नजर आपापल्या जनावरावर. राजाही आला होता, शाल पांघरून, मागच्या रांगेत. विसाजीपंत हातात यादी घेऊन उभे होते.

"किल्लेदार, ओळीच्या बाहेर," पंत म्हणाले. "अंगठीचं तुम्ही सांगितलं नव्हतं."

हैबतराव काजळीपाशी गेले, तिला उचलले, धापा टाकत जमिनीवर बसले आणि तिला मांडीत घेतले.

तेवढ्यात माध्यान्हीची नौबत वाजली.

सवयीने त्यांचा हात तिच्या पाठीकडे गेला. मग त्यांची नजर कानांवर गेली. ते मागे दाबले होते, मानेला चिकटलेले. त्यांनी शेजारच्या बोकडाकडे पाहिले. त्याचेही कान मागे. कोंबड्यांच्या माना पंखांत ओढलेल्या. वासराने चारही पाय पोटाखाली घेतलेले. राजाच्या पोपटाची पिसे अंगाशी घट्ट मिटलेली. आवारभर एकही जनावर असे नव्हते की ज्याने भिऊन अंग चोरले नव्हते.

नौबत वाजली की काजळी पळत येई ती त्यांना धीर द्यायला नव्हे. ती भिऊन येई. तिला त्यांच्यापाशी आडोसा हवा असे. त्यांनी तिच्या पाठीवर स्वतःची भीती ठेवली, आणि तिने स्वतःच्या भीतीवर तीही पोटात घेतली, आणि मांडी सोडली नाही.

त्यांनी हात पाठीवरून काढला. दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले.

"काजळे," ते म्हणाले, "मी फार भ्यालोय गं. तूही भ्याली होतीस. मला दिसलं नाही."

लोक ऐकत होते. किल्लेदाराचे दोन्ही हात थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. थरथर सोन्यात उतरली. मग सोन्यातून परत वर आली, आणि या वेळी हैबतरावांनी ती घेतली. दातावर दात आपटले. खांदे हलले. तळव्यांखाली एक कान कोमट झाला, मग मऊ झाला, मग उभा राहिला. काजळीने डोके झटकले, किल्लेदाराचे नाक चाटले आणि भीतीने त्यांच्या मांडीतच मुतली.

कुंपण कोणी मोडले ते सांगता येत नाही. लोक आत घुसले. ज्याने त्याने आपले जनावर मांडीत घेतले. कोणी कान झाकले, कोणी पदराखाली घेतले, कोणी पाठ नौबतीकडे करून आपल्या अंगाचा आडोसा केला. ज्यांनी इतके दिवस एकमेकांशी शब्द काढला नव्हता ते मोठ्याने सांगू लागले की आम्हाला भीती वाटते. बोकड ओरडला. वासरू उठले. राजाने पोपटाला शालीत घेतले, आणि शालीतून आवाज आला.

"महाराज, आवाज फार होतो."

"बंद करा," राजा म्हणाला.

कोणी धावत नगारखान्याकडे गेले. नौबत अर्ध्या ठोक्यावर थांबली आणि राज्यात इतकी शांतता झाली की टिटवीच्या पंखांचा आवाज आवारापर्यंत ऐकू आला. ती अंड्यांवर परत बसत होती.

शाप उतरला तो असा. वेशी उघडल्या. पेढे पुन्हा गोड झाले. खजिन्याची खोली रिकामी झाली आणि राजाने तिची दारे काढून तिथे पाणपोई घातली, माणसांना वर आणि जनावरांना खाली. विसाजीपंतांची खजिनदारी गेली. त्यांना गोशाळेत शेण भरायच्या कामावर घातले. टिटवीच्या चार अंड्यांतून तीन पिल्ले निघाली. काजळी अजूनही मेघ गडगडला की मांडीत शिरते, आणि हैबतराव आधी तिचे कान झाकतात.

मग राजाने चौकशी मांडली. नगारची म्हणाला, हुकूम वरून आला. वर म्हणजे खजिनदार. खजिनदार म्हणाले, हुकूम महाराजांचाच असणार, आम्ही कोण. महाराज म्हणाले, वेशीवरून खबर आली असेल. वेशीवरचे म्हणाले, आम्ही नौबत ऐकली म्हणून वेस लावली. हैबतराव हे सगळे ऐकत होते, आणि जितके ऐकले तितके त्यांना कमी समजले.

बयजाबाई रोज सदरेच्या पायरीवर बसते. तिच्या मांडीवर, पदरात गुंडाळलेली, पंतांकडून परत मिळालेली सोन्याची पिकदाणी असते. तिने ती घासून लख्ख केली आहे. ती ऊबदार लागते, नगारखान्यात कोणी नगारा नुसता पुसला तरी थरथरते, पण तिचे मांजर होत नाही.

"हिला कानच ठेवले नाहीत," ती एकदा हैबतरावांना म्हणाली. "हात कुठे ठेवू, सांगा."

हैबतराव तिच्याशेजारी पायरीवर बसले. काजळी दोघांच्या मध्ये बसली.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मानकऱ्याला बयजाबाई एकच विचारते, की शत्रू नव्हता, तर पहिली नौबत वाजवायला कोणी सांगितलं. मानकरी मान खाली घालून पायऱ्या चढतात. पवळी अजून पिकदाणीच आहे. पहिली नौबत कोणाच्या हुकमाने वाजली, हे अजून कोणी सांगितलेले नाही.