सोन्याचा विळा आणि सहावी पाहुणी

एका राज्यात मूल जन्मले की त्याला नाव ठेवीत नसत. पाच वर्षे ते ‘पाहुणे’. दहांतले चार त्याआधीच उठून जात. राजवाडा काय नि झोपडी काय, रीत एकच. राणी कुमुद्वतीचे पाच पाहुणे असेच गेले होते. सहावा पोटात होता.

त्या राज्यात प्रत्येक बाळाची नाळ एकाच सोन्याच्या विळ्याने कापीत. तो पहिल्या राजाला एका मांत्रिकाने दिला होता. अट एवढीच, की तो कधी धुवायचा नाही. धुतला तर वंश बुडेल.

सगुणी सुईण तो विळा घरोघर नेई. तिला खोड एकच, प्रश्न विचारण्याची. लेकरे का जातात, हे तिने वैद्याला विचारले, पुजाऱ्याला विचारले. दोघांनी कपाळाकडे बोट दाखवले. सगुणीला तिथे काही दिसेना. मग ती डोंगरावरच्या बोलक्या साळुंकीकडे गेली.

“तीन गोष्टी आण,” साळुंकी म्हणाली. “बाळंतिणीच्या खोलीतला वारा, बाळाला न्हाऊ घालतात ते पाणी, आणि तो विळा.”

सगुणीने दुध्या भोपळ्यात वारा भरून आणला. साळुंकीने हुंगला नि धुराने खोकली. पाण्यात तिला बेडूक भेटला. तिने त्याची विचारपूस केली. विळ्याला कान लावला मात्र, नि ती दचकून मागे सरली. सगुणीनेही कान लावला. आत शेकडो तान्ही रडत होती.

“हा उकळत्या पाण्यात धू,” साळुंकी म्हणाली.

“वंश बुडेल म्हणतात.”

“मांत्रिकाने हीच अट का घातली, हे कुणी विचारले?”

कुणीच विचारले नव्हते. सगुणीला स्वतःचाच राग आला.

ती परतली तेव्हा राणीला कळा सुरू झाल्या होत्या. सगुणीने खिडक्या उघडल्या, झऱ्याचे पाणी चुलीवर ठेवले. राजा अरिमर्दन दारात आला.

“सुईणबाई, वंश बुडाला तर?”

राणीच बोलली, “महाराज, तो पाचदा बुडाला आहे. धुवू द्या.”

विळा बुडताच पाणी काळे झाले. रडणे खिडकीतून निघून डोंगरापार गेले. सोने सुटले, खाली साधे लोखंड उरले. मुलगी जन्मली, नि सगुणीने त्याच लोखंडाने तिची नाळ कापली.

पुढे घरोघर पाणी उकळू लागले, पाहुणे राहू लागले. राजकन्या पाच वर्षांची झाली. राणीने तिला मांडीवर घेऊन कानात नाव सांगितले, सुनेत्रा. मग पाच जुने पाळणे मागवले.

“आईसाहेब, यांत कोण आहे?” सुनेत्राने विचारले.

“तुझी भावंडे,” राणी म्हणाली, आणि एकेका पाळण्यावर वाकून तिने पाच नावे सांगितली.