देवाच्या पुळणीचा कौल

“मग कौल लावणार की नाही, बुवा? एवढंच सांगा.”

लवू मालंडकराने हे देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्याच विचारलं. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झाल्यापासून बसून बोलायची त्याची सवय मोडली होती.

आत्माराम बुवा रवळनाथापुढची समई पुसत होते. राखेचं बोट वातीच्या खोबणीतून फिरवत म्हणाले, “विचारायचं काय देवाला?”

“उद्या सभा आहे. गाव म्हणतंय, देवाची पुळण उघडा. मीही तेच म्हणतो. पण फक्त हाताने काढणाऱ्या बायांना. पंपवाल्यांनी तिकडे फिरकायचं नाही. देवाने उजवा दिला, की सभेत कोणाची जीभ वळायची नाही.”

“आणि डावा दिला तर?”

“देणार नाही.”

“तुला बरं ठाऊक...”

“देवाला गावाची भूक दिसते, बुवा.”

बुवांनी समई खाली ठेवली.

“दिसते,” ते म्हणाले.

त्या देवळाची रीत जुनी होती. अवघड गोष्ट असली की देवाच्या ओल्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलांच्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. गावात लग्नं त्यावर ठरत, होड्या त्यावर पाण्यात उतरत. कळ्या लावायचा मान बुवांचा.

आणि लवू त्यांचा शिष्य. लहानपणी त्याला वल्हं धरायला त्यांनी शिकवलं, भजनात उभं करून हातात टाळही त्यांनीच दिला. पुढे वल्हं सुटलं, टाळ खुंटीला लागला. ‘बुवा’ म्हणणं तेवढं राहिलं.

खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, संपल्या होत्या. पूर्वी ओहोटी लागली की बाया कमरेइतक्या पाण्यात बसून हातांनी वाळू चाचपायच्या आणि बोलता बोलता टोपली शिंपल्यांनी भरायची. मग पंप आले. होडीवर इंजिन, इंजिनाला जाडजूड पाइप. वाळूसकट सगळं वर ओढायचं, चाळायचं, टेम्पोत भरायचं आणि हॉटेलांच्या गावाला पाठवायचं. बाया म्हणत, पंपाने खाडीचं पोट फाडलं. पंपवाले म्हणत, बाया नखाएवढं बीदेखील सोडत नाहीत, मग वाढणार काय? सरकारी साहेब आले, दोघांचं ऐकलं, दोघांकडचा चहा प्याले आणि गेले.

भांडण राहिलं, तिसऱ्या राहिल्या नाहीत.

उरली ती एकच जागा. खाडीच्या वळणाआड, तिवरांच्या पलीकडे, देवाची पुळण. वाडवडिलांनी ती देवाच्या नावाने सोडलेली. तिथे कोणी टोपली न्यायची नाही, पंप तर लांबच. तिथलं बी भरतीच्या पाण्याबरोबर खाडीभर पसरतं, असं म्हातारी माणसं सांगत. गावाचा सगळा भरवसा आता त्या वाळूच्या पट्ट्यावर होता.

“लवू,” बुवा म्हणाले, “पुळणीवर शेवटचा कधी गेला होतास?”

“मी? बुवा, मला वेळ कुठे असतो! जिल्ह्याला जा, साहेबांना भेट, निवेदन दे, पेपरवाल्यांशी बोल. या खाडीसाठी माझ्या चपला झिजल्या.”

“खाडीत चपला कशाला घालतोस?”

लवू हसला नाही.

बुवांनी खुंटीवरचं उपरणं खांद्यावर टाकलं. “चल. ओहोटी आहे.”

“कौल...”

“चल तर खरा.”

दोघे काठाकाठाने निघाले. पुढे बुवा, मागे चपला हातात घेतलेला लवू. चिखलात द्वारकाकाकी बसली होती. साडीचा काचा मारलेला, कोपरापर्यंत हात काळे.

“अगं बाई, अध्यक्ष!” ती ओरडली. “आज पाय चिखलात? फोटो काढणारा कुठे राहिला?”

“काकी, उद्या सभेला या. तुमच्यासाठीच भांडतोय.”

“भांड बाबा, भांड. तुझं भांडण उकडून खाता येत असतं तर आमची घरं भरली असती.”

लवूने तिच्या टोपलीत डोकावून पाहिलं. तळाशी मसुरीच्या दाण्यांहून जराशाच मोठ्या शिंपल्या होत्या. त्यांत मांस शोधायला भिंग लागलं असतं.

“हे कशाला काढता, काकी? हे बी आहे. पंपवाल्यांच्या हातात कोलीत देताय तुम्ही.”

“मी नाही काढलं तर माझ्या मागून येणारी बाई काढील.” काकी पुन्हा वाळूत हात घालत म्हणाली. “कुठे निघालात दोघे?”

“पुळणीवर,” बुवा म्हणाले.

काकीचा हात वाळूतच थांबला. तिने बुवांकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

लवूला ते जरा विचित्र वाटलं. पण त्याच्या डोक्यात उद्याचं भाषण चाललं होतं. ‘आपल्या पूर्वजांनी आपल्यासाठी ठेव ठेवली’ असं काहीसं सुरुवातीचं वाक्य जुळत आलं होतं.

तिवरांची मुळं ओलांडून दोघे वळणाआड आले. समोर पुळण उघडी पडली होती. ओली, पसरलेली, उन्हात कथिलासारखी चकाकणारी. मधोमध राखणीची सुरूची काठी.

“काठीवर काय बसलंय ते?” लवूने डोळ्यांवर हात धरला. “बगळा?”

बुवा चालत राहिले.

जवळ गेल्यावर लवूला दिसलं, की त्या चिंध्या होत्या. काठीच्या शेंड्यापासून वाळूपर्यंत, एकीवर एक, लाकूड दिसणार नाही इतक्या. काही ताज्या, काही उन्हाने विटलेल्या, काहींवर शेवाळ धरलेलं.

लवूला ती रीत आठवली. घरात बाळंतीण असेल, आजारी माणूस असेल आणि चुलीवर ठेवायला काहीच नसेल, तर देवाला सांगून पुळणीवरून एक टोपली न्यायची मुभा होती. मात्र नेलेलं लपवायचं नाही. आपल्या अंगावरच्या कापडाची चिंधी फाडून काठीला बांधायची. लवूच्या लहानपणी त्या काठीवर एखादी चिंधी दिसली तरी गाव विचारायचं, कोणाच्या घरी काय झालं रे? आणि लोक त्या घरी तांदूळ पोचवायचे.

“बुवा... एवढ्या?”

बुवा काठीशी जाऊन उभे राहिले.

लवू एकेक चिंधी बघू लागला. शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. द्वारकाकाकीच्या हिरव्या लुगड्याचा काठ. सदा पंपवाल्याची चौकड्यांची लुंगी, ती तर सगळ्या बंदराच्या ओळखीची.

“सदासुद्धा! पाहिलंत ना, बुवा? उद्या सभेत याला उभाच करतो. पंप कमी पडला म्हणून इथेही...”

“त्याची आई अंथरुणावर होती तेव्हा. हाताने काढल्या त्याने. टोपलीभरच.”

लवूची बोटं चिंध्या चाळत होती. एका जांभळ्या तुकड्यापाशी ती थांबली.

जांभळ्यावर पिवळी बुट्टी.

हे पातळ त्याने स्वतः आणलं होतं. बायकोसाठी, इंदूसाठी, मागल्या गणपतीत.

वैशाखात थोरली मुलगी बाळंतपणाला आली होती. त्या दिवसांत एकदा इंदूने तिसऱ्यांचं कालवण केलं होतं. किती दिवसांनी एवढ्या मोठ्या तिसऱ्या, म्हणून तो दोनदा मागून जेवला होता. ‘खाडी अजून मेली नाही बघ,’ असंही म्हणाला होता. त्या आल्या कुठून, हे त्याने विचारलं नव्हतं. इंदूनेही सांगितलं नव्हतं.

का विचारलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“वाट देवळावरून येते, लवू.”

“मग अडवलं का नाही? राखण तुमची! देवाची जागा ही... चोऱ्या होऊ दिल्यात तुम्ही?”

“चोरी कोणीच केली नाही,” बुवा हळू आवाजात म्हणाले. “सगळ्यांनी सांगून नेलं.”

लवूने जांभळा तुकडा मुठीत धरला.

“प्रत्येकाला अडवलं मी. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी आजारी होतं, कोणीतरी बाळंतीण होती. नव्हतं त्याच्या घरात भूक होती. प्रत्येक जण पाया पडला. ‘एकच टोपली, बुवा. आमच्यापुरती. बाकी पुळण आहे तशी आहे.’ तुझी इंदू तर रडली.”

“आणि तुम्ही?”

बुवांनी सुटत आलेली एक चिंधी घट्ट बांधली. वाऱ्याने चिंध्या फडफडत होत्या.

“जाताना लोक मूठभर माझ्या उंबऱ्यावर ठेवून जायचे,” ते म्हणाले. “मीही शिजवून खाल्ल्या.”

लवू खाली बसला आणि वाळूत हात घातला. लहानपणी घालायचा तसा, बोटं पसरून. एका जागी पाहिलं. दुसऱ्या जागी पाहिलं. मग गुडघ्यांवर रांगत रांगत तो पुळणीभर उकरत सुटला. धोतरासारखी पांढरी विजार चिखलाने काळी झाली. हाताला नुसत्या उघड्या शिंपल्या लागत होत्या. दोन्ही झाकणं पसरलेल्या, आतून धुतलेल्या, कोऱ्या.

मग बोटांना एक घट्ट काहीतरी लागलं. मिटलेलं. जड.

“बुवा! आहे! बघा, मोठी आहे!”

त्याने ती पाण्यात धुतली. अंगठ्याचं नख फटीत घालून जोर केला. शिंपली उघडली.

आत काळा चिखल भरलेला होता. जीव केव्हाच गेलेला, पण झाकणं तशीच मिटून राहिलेली.

लवू ती तळहातावर धरून बसून राहिला.

“बंद करू,” तो पुटपुटला. “पुळण बंद करू. खाडीच बंद करू. पंप नाही, टोपली नाही. माझ्या घरापासून सुरुवात करतो. वाढू देत.”

“काय वाढू दे?” बुवांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आजाऱ्याला कुठे दुखतं ते विचारावं, तसं विचारलं.

लवूने तळहातावरच्या शिंपलीतला चिखल बोटाने उकरला.

बुवा त्याच्याजवळ वाळूत बसले. त्यांनी उपरण्याच्या टोकाने लवूच्या कपाळावरचा चिखल पुसला. तो रडतोय याकडे पाहिलं नाही. खाडीच्या तोंडाकडून पाण्याची बारीक ओळ आत सरकू लागली होती. भरती लागली होती.

“द्वारकाकाकीला माहीत आहे,” लवू म्हणाला.

“तिच्या टोपलीपुरतं.”

“सदालाही.”

“त्यालाही, त्याच्यापुरतं. ज्याला त्याला आपली चिंधी दिसते, लवू. उरलेलं देव बघून घेईल असं वाटतं.”

पाणी त्यांच्या पावलांना लागलं. लवूने उकरलेले खड्डे एकेक करून भरत गेले. थोड्या वेळाने त्यांची जागाही ओळखू येईना.

“बुवा, उठा. पाणी चढतंय.”

बुवा उठले नाहीत.

“उद्या सगळं गाव जमणार,” लवू म्हणाला. “बाया एका बाजूला, पंपवाले दुसऱ्या. पुळण कोणाला द्यायची म्हणून एकमेकांची डोकी फोडतील. मी अध्यक्ष. त्यांच्यापुढे उभा राहून काय सांगू? चला, देवळात जाऊ. तुम्ही कळ्या लावा. देवच सांगेल काय ते.”

बुवांनी ओंजळभर पाणी घेतलं, चेहऱ्यावरून फिरवलं. पांढऱ्या दाढीतून ते टिपकत राहिलं.

“कौल झाला, लवू. सांग त्यांना, देवाने उजवा दिला.”

“उजवा? अहो, कळ्या लावल्याच नाहीत! आणि इथे तर...”

“पुळण सगळ्यांना मोकळी केली म्हणावं. बायांनाही, पंपवाल्यांनाही. घरात असतील नसतील तेवढ्या टोपल्या घेऊन या म्हणावं. एकदा सगळ्यांना सगळ्या चिंध्या एकदम दिसू देत.”